सायनसचं ऑपरेशन: दार उघडतं, पण घर आपणच झाडायचं

(एपिसोडचं लिखित रूप. ऐकताना सुटलेलं काही इथं वाचून घ्या. बोलण्याच्या ओघात आलेले शब्द तसेच ठेवलेत.)

आजच्या एपिसोडची सुरुवात एका शिंकेनं झाली. म्हणजे खरंच. नांदूरघाटहून, आपल्या केज तालुक्यातल्या, एका ताईंची व्हॉइस नोट आली आणि पहिल्या दोन सेकंदांत सलग तीन शिंका. मग नाक ओढल्याचा आवाज, आणि मग त्या बोलायला लागल्या. नाव सांगत नाही, पण गोष्ट सांगतो, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांची तीच असेल.

ताई पोलीस भरतीची तयारी करतायत. पहाटे उठून रस्त्यावर धावायला जातात. पण दीड वर्षापासून नाक गच्च. तोंडानं श्वास घेत धावायचं, म्हणजे चौथ्या फेरीत घसा कोरडा. वास येतच नाही. आईनं फोडणी करपवली तरी कळत नाही. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत तर डोळे आणि नाक दोन्ही वाहतात. मेडिकलमधून आणलेले थेंब नाकात घातले की तासभर बरं वाटतं. आता एका दवाखान्यात सांगितलंय, "सायनस आहे, नाकात मांस वाढलंय, ऑपरेशन करून टाका." खर्चाचा आकडा ऐकून वडील म्हणाले, "दसऱ्याला मुकादमाकडून उचल घेतो, त्यातून करू."

ताईंचे प्रश्न दोनच: "दादा, ऑपरेशन केलं की हे कायमचं जातं का? आणि करायलाच पाहिजे का?"

उचल म्हणजे काय हे बीडमध्ये समजावून सांगायला नको. ती फेडायला आईबापाला अख्खा हंगाम कोयता घेऊन फडात उभं राहावं लागतं. म्हणून हा प्रश्न नुसता नाकाचा नाही. मी डॉक्टर नाही. पण निर्णय घेण्याआधी काय समजून घ्यायला हवं आणि डॉक्टरांना काय विचारायला हवं, एवढं आज नीट बघू.

सायनस हा आजार नाही, जागा आहे

"मला सायनस आहे" असं आपण म्हणतो. खरं तर सायनस सगळ्यांनाच असतात. चेहऱ्याच्या हाडांत हवेनं भरलेल्या पोकळ खोल्या असतात, त्यांना सायनस म्हणतात. चार जोड्या: गालांच्या मागे, कपाळात, दोन डोळ्यांच्या मध्ये, आणि चौथी पार आत, डोक्याच्या मध्याजवळ. या खोल्यांच्या आतल्या अस्तराला सूज आली की त्याला सायनुसायटिस म्हणायचं.

प्रत्येक खोलीला नाकात उघडणारं एक बारीक दार असतं. काही ठिकाणी ते दोन-तीन मिलिमीटरचंच. आतलं अस्तर रोज चिकट पाणी, म्हणजे शेंबूड, तयार करतं. तो धूळ आणि जंतू पकडतो. अस्तरावर डोळ्यांनाही न दिसणारे बारीक केस असतात. ते सतत हलत असतात आणि हा शेंबूड ढकलत ढकलत दारापर्यंत नेतात. तिथून तो नाकात, मग घशात, आणि आपल्या नकळत पोटात. निरोगी माणसाचंही हे रोज चालू असतं.

आता गंमत बघा. गालामागच्या खोलीचं दार तळाशी नसतं, वरच्या बाजूला असतं. घरावरच्या टाकीचा नळ खाली असतो, म्हणून पाणी आपोआप येतं. इथं नळ वर आहे. म्हणजे पाणी आपोआप उतरणार नाही, त्या बारीक केसांनी ते वर चढवायचं. सर्दीनं, ॲलर्जीनं किंवा धुरानं दाराजवळ सूज आली की रस्ता बंद होतो. आत पाणी साचतं, केस दमतात, जंतू वाढतात, सूज आणखी वाढते. हे चक्र एकदा सुरू झालं की काही वेळा आपोआप थांबत नाही.

साधी सर्दी कुठं संपते आणि हे कुठं सुरू होतं?

साधी सर्दी आठ-दहा दिवसांत उतरते. ती बहुतेक वेळा विषाणूची असते, तिला अँटिबायोटिकचा उपयोग नाही.

जुनाट सायनुसायटिस म्हणायला डॉक्टर दोन गोष्टी बघतात. पहिली, त्रास १२ आठवडे किंवा जास्त सलग हवा. नाक बंद असणं, घट्ट किंवा रंगीत शेंबूड पुढून किंवा घशात येणं, चेहऱ्यावर दाब किंवा दुखणं, वास न येणं, या चारपैकी निदान दोन. आणि त्या दोनांत नाक बंद किंवा शेंबूड यांपैकी एक असलंच पाहिजे. दुसरी गोष्ट, दुर्बिणीतून किंवा सीटी स्कॅनमध्ये सूज, पू किंवा पॉलिप प्रत्यक्ष दिसले पाहिजेत.

दुसरी अट फार महत्त्वाची. कारण डोकं दुखतं म्हणजे सायनस, असं आपण धरूनच चालतो. २००४ मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला. "सायनसची डोकेदुखी" असं समजणाऱ्या २,९९१ लोकांना तपासलं, तर ८८ टक्के लोकांची लक्षणं अर्धशिशीची, म्हणजे मायग्रेनची निघाली! अर्धशिशीतही नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं, म्हणून घोळ होतो. नुसतं डोकं दुखतंय आणि नाक स्वच्छ आहे, अशा माणसाच्या सायनसचं ऑपरेशन केलं तर डोकेदुखी तिथंच राहणार.

आणखी एक. एकाच बाजूला त्रास असेल आणि घाण वास येत असेल तर वरच्या दाढा तपासून घ्या. दाढेची मुळं गालामागच्या सायनसला अगदी खेटून असतात. किडलेल्या दाढेतून तिथं पू होऊ शकतो. तेव्हा आधी गाठायचा तो दातांचा डॉक्टर.

"मांस वाढलंय", "हाड वाढलंय" म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडं नाकाच्या सगळ्या तक्रारींना ही दोनच नावं आहेत. पण त्यामागं तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

पहिली, पॉलिप. सुजलेल्या अस्तराचे द्राक्षासारखे मऊ, फिकट घड नाकात लोंबतात. वास जाण्याचं हे मोठं कारण. हा कॅन्सर नव्हे.

दुसरी, नाकाचा मधला पडदा वाकडा असणं. थोडाफार वाकडा तो कितीतरी लोकांचा असतो. त्रास नसेल तर त्याला हात लावायचं कारण नाही.

तिसरी, नाकाच्या बाजूच्या भिंतीवरचे मांसल कंगोरे फुगणं. हे बऱ्याचदा ॲलर्जीनं होतं आणि औषधानं बसतं.

म्हणून ताई, पहिला प्रश्न हाच विचारा: "डॉक्टर, माझ्या नाकात या तिन्हींपैकी नेमकं काय आहे?"

ऑपरेशनच्या आधी काय व्हायला हवं

जुनाट सायनसच्या उपचाराची पहिली पायरी दोन साध्या गोष्टींची आहे, आणि बहुतेक जण तीच गाळतात.

एक, मिठाच्या पाण्यानं नाक धुणं. हठयोगात नेती म्हणून हे आपल्याकडं पूर्वीपासून आहे, आणि आजचे कान-नाक-घसा तज्ज्ञही तेच सांगतात. पाव लिटर पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ, जमलं तर चिमूटभर खायचा सोडा. पुढं वाकायचं, तोंडानं श्वास घ्यायचा, एका नाकपुडीतून पाणी सोडायचं, दुसरीतून येऊ द्यायचं.

पण पाणी! इथं जरा थांबा आणि नीट वाचा. टँकरचं, बोअरचं, आडातलं, नळाचं पाणी तसंच नाकात घालायचं नाही. पिण्याच्या पाण्यातला जंतू पोटातलं आम्ल मारू शकतं, नाकात तसं आम्ल नाही. पाण्यात राहणारा एक अमिबा नाकातून थेट मेंदूपर्यंत जाऊ शकतो. तो दुर्मिळ आहे, पण जीवघेणा आहे. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये अमिबामुळं मेंदूला सूज आल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. म्हणून पाणी खळखळून उकळायचं, झाकून कोमट होऊ द्यायचं, मग वापरायचं. आरओचं पाणी असलं तरी उकळूनच. भांडंही स्वच्छ हवं.

दोन, स्टिरॉइडचा नाकातला स्प्रे. नाव ऐकूनच लोक घाबरतात. पण हा डोस अगदी थोडा असतो आणि बहुतांश नाकातच काम करतो. तो रोज, काही आठवडे मारावा लागतो. दोन दिवस मारून "फरक नाही" म्हणून फेकून द्यायचा नाही. मारताना मान थोडी खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं, डाव्या नाकपुडीत उजव्या हातानं, आणि टोक मधल्या पडद्याकडं नको, बाहेर, कानाच्या दिशेनं. कोणता स्प्रे आणि किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील.

आता ताईंचे ते थेंब. ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन असं बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. हे थेंब नाक लगेच मोकळं करतात, पण आठवड्याच्या वर रोज वापरले तर उलटतात. थेंबाचा असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त गच्च होतं, मग पुन्हा थेंब. ताई वर्षभर वापरतायत. म्हणजे त्यांच्या बंद नाकाचा एक हिस्सा त्या थेंबांचाच असू शकतो. डॉक्टरांना हे न लपवता सांगा.

आणि ॲलर्जी. मळणीची धूळ, कापसाची तूस, चुलीचा धूर, उसाचं पाचट जाळलेला धूर. हे आपल्या जगण्यातलंच आहे, टाळा म्हणणं सोपं. पण मळणीच्या वेळी नाकावर घट्ट मास्क आणि घरी आल्यावर नाक धुणं, एवढं तरी जमतं.

हे सगळं नीट, नियमित, दोन-तीन महिने केलं आणि तरीही फरक पडला नाही, तर ऑपरेशनचं बोलायचं.

ऑपरेशनमध्ये करतात काय?

थोडा इतिहास सांगतो, कारण त्यातच या ऑपरेशनचं मर्म आहे. १८९० च्या दशकात अमेरिकेतले कॉल्डवेल आणि फ्रान्समधले ल्यूक यांनी एक पद्धत काढली. वरचा ओठ उचलायचा, हिरडीवर चीर द्यायची, गालाचं हाड फोडून आतला पू आणि अस्तर काढायचं. कितीतरी वर्षं हेच चाललं. वाट मोकळी करायला खालून नवीन खिडकीही पाडायचे.

मग ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी सायनसच्या आत शेंबूड नेमका कसा वाहतो हे बारकाईनं पाहिलं. त्यांना दिसलं की खाली खिडकी पाडली तरी ते बारीक केस शेंबूड जुन्या, वरच्या दाराकडंच नेतात! शरीराला आपण पाडलेली खिडकी माहीतच नाही. मग अर्थ सरळ झाला: नवीन भोक पाडण्यापेक्षा मूळ दारच मोकळं करा, अस्तर शक्य तेवढं वाचवा, बाकी काम शरीर करेल.

हे शक्य झालं बारीक दुर्बिणीमुळं. ब्रिटनचे हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी काचेच्या कांड्यांची भिंगं बसवून पातळ नळीतून लख्ख चित्र दाखवणारी रचना केली होती. १९८५ मध्ये अमेरिकेतले डेव्हिड केनेडी यांनी या ऑपरेशनला नाव दिलं, फंक्शनल एंडोस्कोपिक सायनस सर्जरी. आपले डॉक्टर त्याला नुसतं "फेस" म्हणतात. चिठ्ठीवर हा शब्द दिसला तर घाबरू नका, चेहऱ्याचं ऑपरेशन नाही ते.

आज ते असं होतं: बहुतेक वेळा पूर्ण भूल देतात. चेहऱ्यावर बाहेरून चीर नाही. सुमारे चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण नाकपुडीतून आत जाते, डॉक्टर पडद्यावर बघत पॉलिप काढतात, हाडाचे पातळ पापुद्रे काढून दारं रुंद करतात. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी.

धोका किती? सायनसच्या एका बाजूला डोळा आहे, वरच्या बाजूला मेंदू, मध्ये कागदासारखं हाड. म्हणून डोळ्याला इजा, मेंदूभोवतीचं पाणी गळणं, मोठा रक्तस्राव असे गंभीर प्रकार होऊ शकतात. अनुभवी हातांत ते शंभरात एकाहूनही कमी जणांना होतात. ऑपरेशनच्या आधी सीटी स्कॅन लागतोच, कारण तो डॉक्टरांचा नकाशा असतो. सीटी न बघता कुणी तारीख देत असेल तर उठून या.

मग कायमचं जातं का?

खरं उत्तर: दार उघडतं, पण सूज येण्याची अंगाची सवय ऑपरेशननं जात नाही.

ब्रिटनमधल्या ५१४ रुग्णांवरचा एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधांनी बरं न वाटलेल्या या लोकांत सहा महिन्यांनी ऑपरेशन झालेल्यांना स्पष्ट जास्त आराम होता. आणि तीन महिने क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलेल्यांना खोट्या गोळीपेक्षा जास्त फायदा झाला नाही. म्हणजे योग्य माणसाला ऑपरेशनचा उपयोग नक्की होतो.

पण दुसरी बाजूही बघा. पॉलिपच्या २३८ रुग्णांवरच्या नेदरलँड्समधल्या अभ्यासात (२०२२) वर्षभरानंतर ऑपरेशन अधिक औषध हे नुसत्या औषधापेक्षा सरस ठरलं, पण फरक थोडाच होता. अमेरिकेतल्या एका अभ्यासात ऑपरेशननंतर १८ महिन्यांत सुमारे ४० टक्के लोकांत पॉलिप पुन्हा दिसले. पॉलिप परत दिसले म्हणजे प्रत्येकाला पुन्हा तेवढाच त्रास झाला असं नाही. पण "कापलं की संपलं" असंही नाही.

मग ऑपरेशनचा खरा फायदा काय? बंद दारापर्यंत स्प्रे आणि मिठाचं पाणी पोचतच नव्हतं, आता ते आत जातं. म्हणजे ऑपरेशन औषधाला रस्ता करून देतं. ऑपरेशननंतर नाक धुणं आणि स्प्रे सोडून दिला, तर पैसे वाया जाण्याची शक्यता मोठी.

पहिले काही दिवस नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, वजन उचलायचं नाही. धावणं पुन्हा कधी सुरू करायचं हे डॉक्टरांना विचारा. ताई, भरतीच्या मैदानी चाचणीची तारीख जवळ असेल तर हे आधीच सांगा. सफाईसाठी दोन-तीन फेऱ्या लागतात, तो खर्च आणि वेळही धरा.

बीड जिल्ह्यानं शिकलेला धडा

आपल्या जिल्ह्याला "ऑपरेशन करून टाका" या वाक्याचा अनुभव आहे. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांचा प्रश्न गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. भीती, घाई, अपुरी माहिती आणि उचलीचा पैसा, हे सगळं तिथं एकत्र आलं होतं.

नाकाचं ऑपरेशन आणि ते, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. सायनसचं ऑपरेशन चांगलं आहे, गरज असेल त्यानं जरूर करावं. धडा एवढाच, की जीवघेणी घाई नसलेल्या ऑपरेशनला प्रश्न विचारायला वेळ असतो. चांगला डॉक्टर प्रश्नांनी चिडत नाही.

विचारायचे सहा प्रश्न (स्क्रीनशॉट काढून ठेवा)

१. दुर्बिणीत आणि सीटीत नेमकं काय दिसलं? मला दाखवाल का?
२. माझं स्प्रे आणि नाक धुण्याचं औषधोपचार पुरेसे दिवस झालेत का?
३. ॲलर्जी, दमा किंवा दाढेचं कारण तपासलंय का? (दुखण्याची गोळी घेतल्यावर दम लागत असेल तर तेही सांगा.)
४. ऑपरेशन नाही केलं तर काय होईल?
५. नंतर किती महिने औषध आणि किती फेऱ्या?
६. सगळं धरून खर्च किती, आणि योजनेत बसतं का?

सहाव्या प्रश्नासाठी: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन आणि ते रुग्णालय यादीत आहे का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशन कार्ड आणि आधार बरोबर ठेवा. आणि उचल घेण्याआधी एकदा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, कान-नाक-घसा विभागात दाखवून या. नांदूरघाटहून केज, केजहून अंबाजोगाई. एक दिवस जाईल, पण दुसरं मत मिळेल.

कधी थांबायचं नाही

डोळ्याभोवती सूज, एकाच्या दोन वस्तू दिसणं, ताप आणि भयंकर डोकेदुखी, मान आखडणं, यातलं काही असलं तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात. एकाच नाकपुडीतून रक्ताचा शेंबूड येत राहिला तरी लवकर दाखवा. घरात कुणाला मधुमेह असेल आणि नाकातून काळपट खपल्या किंवा चेहरा बधिर वाटला, तर अजिबात वाट बघू नका. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसनं आपल्याला हे शिकवलंच आहे.

तर ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: कदाचित करावं लागेल, कदाचित नाही. वास गेलाय, दीड वर्ष झालंय, म्हणजे पॉलिप असू शकतात आणि ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. पण आधी तपासणी, थेंब बंद, उकळलेल्या पाण्यानं नाक धुणं आणि स्प्रे. दसऱ्याआधी एवढं सुरू करता येईल. वडिलांना सांगा, उचलीचा अंगठा देण्याआधी अंबाजोगाईची एक चक्कर मारू.

आणि फोडणीचा वास परत आला, की पुढची व्हॉइस नोट नक्की पाठवा. या वेळी शिंकेशिवाय!

घरात कुणी नाकात थेंब घालत बसलं असेल तर हा एपिसोड त्यांना पाठवा. भेटू पुढच्या भागात.